परत येणारी पेटी आणि तुमच्या बहिणीचं कपाट

तीर्थस्वरूप अण्णा यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात वाकलो की मला सरळ करायला दुसरं माणूस लागतं, आणि घरात दुसरं माणूस म्हणजे तुमची बहीण. ती सध्या मला वाकलेलाच ठेवावा या मताची आहे.) तुमचा खोकला कसा आहे? पायांची सूज उतरली का? डोळ्यांत औषध कोण घालतं? सूनबाई वेळेवर वाढते ना? माझ्या विचारण्यातून भलतं काही काढू नका. हल्ली मी कुणालाही तब्येत विचारली की माणूस दोन पावलं मागे सरकतो. परवा न्हाव्याला सहज म्हटलं, "वाळलात हो." त्याने वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "मला एवढ्यात काही लागणार नाही, काका." चांभाराची नजर जोड्यावर असते तशी माझी नजर माणसाच्या खांद्याच्या रुंदीवर जाते, असं लोक म्हणतात. जातेही, पण त्यात वाईट हेतू नसतो.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे आम्ही दोघं आहोत आणि डोक्यावर छप्पर आहे. बाकी थकवा. सकाळी उठतो तोच थकलेला. झोपेत मला कोण कामाला लावतं कळत नाही. डॉक्टर छातीला नळी लावतात, मान हलवतात आणि गोळ्यांचा रंग बदलतात. मागे पिवळ्या होत्या, आता गुलाबी आहेत. गुलाबी जास्त वाईट की पिवळ्या, हे विचारायचं धाडस झालं नाही. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, आणि थांबलो की शेजाऱ्यांना वाटतं मी जिन्याची रुंदी बघतोय, मर्तिकाची पेटी वळेल का म्हणून.

पत्र लांबणार आहे, आधीच माफी मागतो. माझी शाळा चौथीत सुटली आणि पत्र कसं लिहावं हे पाचवीत शिकवायचे. त्यामुळे कुठे थांबायचं ते मला कळत नाही. कपाटाबद्दल कुणी तुमच्या कानावर काही घातलं असेल, तर ते खरं आहे. पण तेच आधी लिहिलं तर तुम्ही पत्र तिथेच मिटून ठेवाल, म्हणून क्रमाने सांगतो. एवढं लक्षात ठेवा की मी जे केलं ते एकाच इच्छेपोटी केलं: आपल्या हातून अशी एक पेटी व्हावी, जी माणसाला पोचवून परत येईल.

सुरुवात पंपवाल्यापासून झाली. पंपवाला म्हणजे आमच्या समोर राहायचा तो, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. त्याची बायको शिवणकाम करायची. तिच्या मशीनच्या खडखडीवर माझी दुपारची झोप बेतलेली होती. ते थांबलं की मी जागा व्हायचो. पंपवाला एकाएकी गेला. ती माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "काका, लोकांनी नावं ठेवू नयेत अशी करा." मी केली. जाड फळी, पितळी कड्या, आणि रंधा असा मारला की माशी बसली तर घसरावी. लोकांनी नावं ठेवली नाहीत. उलट कौतुक केलं, आणि कौतुक करता करताच पेटीवर माती टाकली. त्यानंतर समोरचं मशीन वाजेना. मला वाटलं, दुःखात आहे. मग कळलं, पेटीसाठी मशीनच विकलं. आता बघा अण्णा, जी वस्तू तिला जन्मभर खायला घालणार ती गेली, आणि तिच्या बदल्यात जी आली ती प्रार्थना संपेपर्यंत टिकली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे मोत्यासाठी नाकच कापलं. माझी दुपारची झोप उडाली. (तुमची बहीण म्हणते, झोप होती, नुसतं घोरणं कमी झालं.)

मग मी विचार करायला लागलो. सवय नसल्यामुळे डोकं दुखलं. लग्नात खुर्च्या भाड्याच्या, भांडी भाड्याची, नवऱ्या मुलाच्या अंगावरचा कोटसुद्धा पुष्कळदा भाड्याचा, आणि त्यात कुणाची अब्रू जात नाही. मग शेवटच्या तासाभरासाठीच माणसाला स्वतःच्या मालकीचं लाकूड का लागावं? मी जन्मभर टेबलं केली. टेबलाला खण असतो. खण बाहेर काढला तरी टेबल जागच्या जागी उभं राहतं. एके दिवशी रंधा मारता मारता डोक्यात आलं की पेटी म्हणजे टेबल, आणि माणूस म्हणजे खण. बाहेरून झकास पेटी, तिची पायाकडची बाजू दारासारखी उघडणारी. आत खोक्याच्या पातळ फळ्यांचा साधा खण. रस्त्याने लोकांच्या देखत जाते ती झकास पेटी. खड्ड्याशी पोचलं की पायाकडचं दार उघडायचं, खण ओढायचा, त्यावर पातळ झाकण टाकायचं आणि दोरांवर खाली सोडायचा. पेटी हातगाडीवरून परत. शिवणवालीला (पंपवाल्याच्या बायकोला आम्ही अजून शिवणवालीच म्हणायचो, मशीन नसलं तरी) हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आत कापड मी लावून देते, उशीला अभ्रा असतो तसा. दर वेळी नवा." म्हणजे तिचंही काही चालू झालं असतं.

तुमच्या बहिणीला पेटी दाखवली. तिने एका बोटाने खण आत-बाहेर केला.

"मेलेल्या माणसाला बटाट्यासारखं ओतणार?"

"ओतायचं नाही गं, ओढायचं."

"का? जिवंतपणी ओढाताण कमी पडली म्हणून?"

तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही, हे तुम्हाला सांगायला नको; तुम्ही तर लहानपणापासून हरत आला आहात.

माझी मुख्य काळजी अशी की ओल्या हवेत लाकूड फुगतं आणि खण अडकतो. खड्ड्याच्या काठी चारचौघांत खण अडकला आणि नातेवाईक पाय लावून ओढायला लागले, तर काय शोभा राहणार? म्हणून मी खणाच्या पट्ट्यांना मेणबत्तीचं मेण घासलं. काळजी वाटली की उठून घासायचं. (मला काळजी बरीच वाटते. घरातल्या मेणबत्त्या संपल्या.) शेवटी म्हटलं, चाचणी घेऊ. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, म्हणून आत मीच झोपलो. न्हावी आणि त्याच्या ओळखीचे तिघं खांद्याला. आमचा रस्ता उताराचा, रात्रीच्या पावसाने ओला, आणि रिवाजाप्रमाणे माझे पाय पुढे. दवाखान्याच्या वरच्या अंगाला न्हाव्याचा पाय सटकला. पायाकडच्या दाराला मी खिडकीचा साधा आकडा लावला होता, तो निसटला, आणि खण माझ्यासकट पेटीतून निघाला तो थेट उताराने. मेण उत्तम होतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. मी छातीवर हात जोडून पडलेला, डोळे मिटलेले (चाचणी नीट व्हावी म्हणून मिटले होते, नंतर उघडायची हिंमत होईना). दवाखान्याच्या ओट्यावर बसलेले रोगी मी जवळून गेलो तेव्हा उभे राहिले. गिरणीच्या पायरीशी थांबलो आणि उठून बसलो. एक बाई किंचाळली, आणि एक रोगी औषध न घेताच बरा होऊन घरी गेला. तुमची बहीण खिडकीत होती. ती वरून म्हणाली, "झालं असेल तर या, चहा निवतोय."

आमच्या वस्तीत मर्तिकाचं एक मंडळ आहे. घरोघरून थोडं थोडं गोळा करून खड्डा आणि गाडी मंडळ बघतं. पेटी मात्र ज्याची त्याने आणायची. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त हवालदार. त्यांच्यापुढे पेटी मांडली. सगळ्यांना कल्पना पसंत पडली. भाषणं झाली. मग कुणीतरी विचारलं, "पहिलं कोण?" आणि सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. काय होतं अण्णा, की पहिलं जायला कुणी तयार नाही, कारण पेटी अजून कुणी वापरलेली नाही, घसरते असं ऐकलंय. आणि दुसरं जायला कुणी तयार नाही, कारण पेटी वापरलेली आहे. एक म्हातारबुवा म्हणाले की आपल्या आधी कोण कोण गेलं ते आधी कळायला पाहिजे. घरमालकाच्या मागून आपण जाणार नाही, जन्मभर त्याच्या मागून जिना चढलो तेवढं पुरे. मालक तिथेच बसले होते. ते म्हणाले, "मग तुम्ही आधी जा." त्यावरून जे पेटलं ते विझवता विझवता हवालदारांचा आवाज बसला. बैठकीत ठरलं एवढंच की पेटी माझ्याकडे राहावी, आणि मला घाई नसावी.

घाई मला नव्हती, पण डॉक्टरांनी त्याच सुमारास गोळ्यांचा रंग बदलला होता.

शेवटी इस्त्रीवाली धावून आली. कोपऱ्यावर तिचं इस्त्रीचं दुकान आहे, बाई शहाणी. तिची सासू पिकलं पान होती, ती गळाली. इस्त्रीवाली म्हणाली, "काका, सासूबाई कधी पै वाया घालवायच्या नाहीत. त्यांना आवडलं असतं. द्या तुमची पेटी." मी पेटीला शेवटचा हात मारला. (मेण पुसून काढलं. मग काळजी वाटली म्हणून थोडं परत लावलं.) रस्त्याने पेटी अशी निघाली की लोक दारात आले. उतारावर मी दाराचा आकडा हाताने धरून चाललो. खड्ड्यापर्यंत सगळं मनासारखं झालं, आणि तिथे मृत बाईचा थोरला मुलगा भेटला. तो परगावी राहतो, थेट तिथेच आला. आईकडे तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता, त्यामुळे त्याचं दुःख अगदी कोरं होतं, घडीसुद्धा मोडलेली नाही. मी दार उघडायला गेलो, तर त्याने विचारलं, "हे काय चाललंय?" इस्त्रीवालीने हळू आवाजात समजावलं. ऐकून तो असा ओरडला की झाडावरचे पक्षी उडाले.

"माझी आई हॉटेलात उतरली होती का? वेळ संपली, खोली रिकामी करा म्हणून?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते शिवणवालीच्या मशीनपासून सुरू करावं लागलं असतं आणि तेवढा वेळ नव्हता. बायका रडायला लागल्या. पुरुष माझ्याकडे बघायला लागले. हवालदार बसलेल्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे काका, आजच्या दिवस जाऊ दे." आजच्या दिवस! पेटी काय उद्या वर येणार होती? तरी मी मान हलवली. मग खड्डेवाला पुढे आला आणि त्याने फावडं आपटलं. "मला खणाचं माप दिलंय. पेटी यात जायची नाही." आणि खरंच, खड्डा नुसत्या खणापुरता अरुंद खणलेला. मग सगळं दुःख थांबवून खड्डा रुंद करायला घेतला. माणसं कमी पडली म्हणून एक फावडं माझ्या हातात दिलं. अण्णा, परत येणारी पेटी पहिल्याच खेपेला गेली, आणि तिच्यासाठी माती मी काढली. थोरला मुलगा जाताना माझा हात धरून म्हणाला, "फार सुंदर पेटी होती हो." मी म्हटलं, "होती."

मंडळाने पुढच्या बैठकीत ठराव केला की पेटी उत्तम आहे, फक्त परत येत नाही. दुसरीसाठी लाकूड द्यायला नकार दिला. वखारवाला उधार देईना. तोपर्यंत शिवणवाली दुसऱ्यांकडे धुणीभांडी करायला लागली होती. सकाळी ती हातात साबणाचा तुकडा घेऊन जायची आणि मला बघून हसायची. ते हसणं मला पेलवेना.

आता कपाट.

तुमची बहीण मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. घरात मी आणि ते कपाट. तुमच्या वडिलांनी लग्नात दिलेलं; तसलं लाकूड आता झाडांवर येत नाही. मी रोज त्याच्यासमोर जेवायचो. रोज वाटायचं, इतकं चांगलं लाकूड, आणि आत माझे सदरे. शेवटी एका सकाळी मी ते तोडलं. तोडलं म्हणजे मागच्या फळीपासून उलगडलं. एक खिळा वाकू दिला नाही. त्यातले कपडे पलंगावर ठेवले, ज्या कप्प्यात जे होतं त्याच क्रमाने थर लावून, मधे वर्तमानपत्र घालून. (मन खात होतं, पण हात चालत होते.) त्या लाकडाची दुसरी पेटी झाली. कपाटाचं एक दार तिच्या पायाच्या बाजूला नेमकं बसलं, आणि दाराला अंगचं कुलूप होतं. तुम्हाला आठवत असेल, दार लोटलं की आपोआप लागतं, उघडायला मात्र किल्ली पाहिजे. उतारावर घसरायची भीतीच मिटली! मी खुशीत दार लोटलं. खट् झालं. आणि मग आठवलं की किल्ली तुमच्या बहिणीच्या कमरेला आहे, आणि माझा रंधा आत आहे.

ती परत आली. दारात उभी राहून तिने आधी पलंगाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे, जिथे कपाट उभं असायचं, मग पेटीकडे. मी भिंतीला लागून उभा होतो. ती आत जाऊन पाणी प्यायली, बाहेर आली आणि पेटीवर बसली. पदर गुडघ्यावर नीट केला. मग म्हणाली, "बाबांनी पहिला कप्पा उंच ठेवायला सांगितला होता. मी वाढेन अजून, असं त्यांना वाटायचं." अण्णा, ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, परत कपाट करून देतो. ती म्हणाली, "आता राहू द्या. किल्ली माझ्याकडेच आहे ना? बस्स." मी रंध्याचं विचारलं. तो तिने आठवडाभर आतच ठेवला.

त्यानंतर शाळेत घंटा वाजवणारा म्हातारा शिपाई गेला. अख्खी वस्ती त्याच्या घंटेवर शिकलेली (मी चौथीपर्यंत). त्याची मुलगी एकटी, हातात काही नाही, तिने पेटी मागितली. मी घरी येऊन किल्लीसाठी हात पुढे केला. तुमची बहीण म्हणाली, "किल्ली द्यायची नाही. मी येते." आधी पेटीतल्या रजया काढल्या (तिने आल्या दिवसापासून सगळे कपडे पेटीतच भरून ठेवले होते, कपाट आहे, मग त्यात कपडेच राहणार, असं तिचं म्हणणं), आणि निघाली पेटीच्या मागे.

खड्ड्याशी पुन्हा तेच. मुलीला हुंदका आवरेना. "राहू द्या ना काका. बाबांबरोबर जाऊ द्या पेटी. मी कसेही पैसे फेडीन." लोकांनी रुमाल काढले. मी फावडं कुठे आहे ते बघायला लागलो. तेवढ्यात तुमची बहीण पुढे झाली. पेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार. पण ही पेटी नाही, हे माझ्या बाबांचं कपाट आहे. तुला तुझे, तसे मला माझे." आणि किल्ली फिरवली. खट्. खण लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला. भाड्याची पेटी म्हटलं की माणसाची अब्रू जाते, पण कुणाच्या बापाचं कपाट मातीत घाला, असं कोण म्हणेल? मग तिने त्या मुलीला जवळ घेतलं आणि दोघी मिळून रडल्या. परत येताना हातगाडीवर पेटी आणि शेजारून ती, एक हात पेटीवर ठेवून, शाळा सुटल्यावर पोराला घरी आणावं तशी.

तेव्हापासून पेटी जाते आणि येते. जी गोष्ट मला, मंडळाला आणि ठरावाला जमली नाही, ती एका किल्लीने झाली. कुणी गेलं की लोक येतात, तुमची बहीण म्हणते, "बसा, पाणी घ्या, रजया काढते." परत आणली की ओल्या फडक्याने पुसते, उन्हात ठेवते आणि कपडे आत लावते. माझ्या सदऱ्यांना कायम हारांचा वास येतो. माझ्या शेजारी आता कुणी बसत नाही. लोक तिला कपाटवाल्या काकू म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत. पहिलं कोण, दुसरं कोण हा वाद संपला, कारण आता पेटीत कुणी कुणाच्या मागून जात नाही. सगळे तुमच्या वडिलांच्या कपाटातून जातात. घरमालकसुद्धा गेले. अभ्रे इतके लागायला लागले की मंडळाने शिवणवालीला एक जुनं मशीन घेऊन दिलं. दुपारी समोरून खडखड ऐकू येते आणि मला झोप लागते.

पण थकलो हो अण्णा. लोक म्हणतात, काका, आता आराम करा. आराम करायचा म्हणजे आडवं व्हायचं, आणि या घरात आडवं झालं की सगळे माझ्याकडे माप घेतल्यासारखे बघतात. हात दुखायला लागला. थोरांना नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण तुमच्याहून थोर आता आपल्यात कुणी उरलं नाही, तेव्हा तो सगळा तुम्हीच घ्या आणि लहानांना वाटायला आशीर्वाद घ्या.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. कपाटाचा राग आला असेल तर तो अर्धाच धरा, कारण त्या कपाटाची जोडी तुमच्याकडे आहे असं आठवतं. तुमच्या वडिलांनी दोन केली होती, एक मुलीला आणि एक मुलाला. मधे एकाच दिवशी दोघं गेले आणि एका घराला थांबावं लागलं. तुमच्या कपाटात हल्ली काय असतं? जुनी वर्तमानपत्रंच ना?

ता. क. दुसरा. वरचं तसं महत्त्वाचं नाही. खरं बोलायचं ते पुढे आहे. गोळ्या गुलाबीच्या पांढऱ्या झाल्या. डॉक्टर आता मान हलवत नाहीत, नुसती पाठ थोपटतात. परवा मी तुमच्या बहिणीला सहज विचारलं, "आणि माझ्या वेळी? आणशील ना परत?" ती चादर झटकत होती, झटकतच राहिली. त्या दिवसापासून मला घोर लागला आहे. मी आपल्याच पेटीसकट गेलो, तर वस्ती पुन्हा होती तिथे येईल आणि कुणीतरी पुन्हा मशीन विकेल. म्हणून एवढंच मागणं. त्या दिवशी तुम्ही या. खोकला असला तरी या. तिच्याकडून किल्ली मागून घ्या, खण खाली सोडा आणि पेटी घरी आणा. ते तुमच्याही वडिलांचं कपाट आहे, तुमचं ती ऐकेल. (लहानपणी ऐकत नव्हती हे माहीत आहे. तरी.) आणि हे पत्र वाचून झाल्यावर फाडा. तिला कळता कामा नये.

अण्णा, मी लिहितेय. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, पाकीट न चिकटवता. तू खोकला सांभाळ. किल्ली मागायला येऊ नकोस. त्या दिवशी ती मला सापडणार नाही. खड्डेवाल्याला रुंद माप मी सांगून ठेवलंय. यांना यातलं काही कळवू नकोस, नाहीतर आजच तिसरी पेटी करायला घेतील, आणि घरात लाकडाचं आता फक्त बाहेरचं दार उरलंय. तुझ्याकडचं जोडीचं कपाट मात्र खरंच पाठव, किल्लीसकट. लोकांना लागेल, आणि ते मी दर वेळी परत आणीन.